आजीच्या गोळ्यांबद्दल

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजी संध्याकाळी एवढा आरडाओरडा करते, मग डॉक्टरांकडून झोपेची गोळी का लिहून घेत नाही?" आजी शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा विषय वाढवला नाही. पुढच्या महिन्यात ती तुमच्याकडे राहायला येईल तेव्हा तिच्या गोळ्या तुझ्या नि मेघनाच्या हातात असतील. म्हणून सविस्तर लिहितो. सगळी उमर औषधाच्या दुकानात गेली, तेव्हा एवढं तरी मी तुला सांगायलाच हवं.

सकाळची गोळी डोनेपेझिल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांमार्फत. लक्ष देणं, नवं काही ध्यानात ठेवणं यासाठी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं, आणि आजीला झालेल्या अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजारात, ते बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. उरलेल्या पेशी जे थोडंफार सोडतात तेही एक एन्झाइम लगेच तोडून टाकतं. ही गोळी त्या एन्झाइमला अडवते, त्यामुळे उरलंसुरलं रसायन जरा जास्त वेळ टिकतं. तिचं काम एवढंच. मेलेल्या पेशी तिने परत येत नाहीत आणि आजार पुढे सरकायचाही थांबत नाही. काही काळ माणूस जरा सावध राहतो, कपडे घालणं, जेवणं स्वतःचं स्वतः करतो. हे औषध जपानमध्ये एसाई कंपनीत हाचिरो सुगिमोतो यांच्या गटाने शोधलं आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. सुगिमोतोंच्या स्वतःच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता, ती त्यांना ओळखेनाशी झाली होती. मी ही स्ट्रिप हातात घेतो तेव्हा मला ते आठवतंच.

या गोळीने भूक मंदावते, मळमळतं, जुलाब होतात, नाडी संथ होते. आजी चक्कर येऊन पडली किंवा घेरी येते म्हणाली, तर आधी नाडी मोज आणि डॉक्टरांना कळव. पूर्वी आम्ही ही गोळी रात्री द्यायचो. तिला भलतीसलती स्वप्नं पडून ती ओरडत उठायची. डॉक्टरांनी वेळ सकाळी केली आणि ते थांबलं.

दुसरी मेमँटिन. तिचा मार्ग निराळा आहे. ग्लुटामेट या रसायनाचा मारा पेशींवर सतत होत राहिला, तर खरा निरोप त्या गोंगाटात हरवतो आणि पेशींनाही इजा होते. मेमँटिन तो बारीक सततचा मारा अडवते, खरा जोरकस निरोप मात्र जाऊ देते. ती शरीराबाहेर पडते बहुतेक लघवीवाटे. किडनी मंदावली तर ती अंगात साठते. हे लक्षात ठेव, कारण पुढे ते कामाला येणार आहे.

आता तिच्या ओरडण्याबद्दल. पावसाळ्याच्या सुमारास अंघोळीच्या वेळी आजी मदतीला येणाऱ्या मावशींना ढकलायला लागली, एकदा चावलीसुद्धा. सगळे म्हणाले, आजार वाढला. मी दोन दिवस दारात उभा राहून नुसतं बघत होतो. पाणी घालताना ती शांत असायची. ब्लाउजची डावी बाही घालायला मावशींनी हात वर केला, की कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, श्वास जोरात, आणि मग धक्का. "खांदा दुखतो का?" विचारलं तर म्हणायची, "नाही रे, कुठे काय." डॉक्टरांनी तपासलं तर खांदा पार आखडलेला निघाला.

अनिकेत, या आजारात वेदना कमी होत नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, किती, हे सांगायचं बळ जातं. मग ती वेदना ओरडण्यातून, ढकलण्यातून, येरझाऱ्यांतून बाहेर पडते आणि आपण तिला आजाराच्या नावावर टाकून मोकळे होतो. नॉर्वेत वृद्धाश्रमांतल्या ३५२ स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांवर एक अभ्यास झाला, २०११ साली तो छापून आला. त्यातल्या निम्म्या जणांना आठ आठवडे नेमाने वेदनेचं औषध दिलं, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. त्यांची चिडचिड आणि आक्रमकपणा दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाला. झोपेच्या गोळीने आजी गप्प झाली असती, पण खांदा दुखतच राहिला असता. चित्तभ्रमावरच्या ज्या गोळ्या अशा वेळी सर्रास लिहिल्या जातात, त्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ सालीच तसा ठळक इशारा दिला आहे. कधीकधी त्या द्याव्याच लागतात, पण वेदना तपासल्यावर, त्याआधी नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. औषध घेतलंय, आता बरं वाटेल, या अपेक्षेनेच तुझ्यामाझ्यासारख्यांची वेदना थोडी उतरते, कारण मेंदूचा पुढचा भाग कामाला लागतो. इटलीतल्या फाब्रित्सियो बेनेदेत्ती यांच्या गटाला दिसलं, की अल्झायमरमध्ये त्या भागाचे धागे तुटले की हा फायदाच मिळत नाही. म्हणजे आजीला औषधाचा जेवढा असर, तेवढाच आराम. म्हणून 'दुखलं तर सांग, मग देऊ' हा हिशेब तिच्यापाशी चालत नाही. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी द्यायला सांगितलंय, ते तसंच द्यायचं. सकाळची गोळी अंघोळीच्या तासभर आधी दे, म्हणजे बाही घालेपर्यंत तिचा असर चढलेला असतो.

पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करतं, पण नेमकं कसं, यावर अजून संशोधन चालू आहे. धट्ट्याकट्ट्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. आजीसारख्या बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसाला त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा पाकीट वाचल्याशिवाय काही देऊ नकोस.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्यांचं काम कसं चालतं हे ब्रिटिश संशोधक जॉन व्हेन यांनी १९७१ साली अ‍ॅस्पिरिनवर काम करताना दाखवलं, १९८२ चं नोबेल त्यात मिळालं. दुखऱ्या जागी प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, सूज आणि ठणका त्यामुळे येतो. ही औषधं ते बनूच देत नाहीत. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर जपतं आणि किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतं. आपली गिधाडं गेली ती याच डायक्लोफिनॅकने: औषध दिलेली गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडांच्या किडन्या गेल्या. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आजीची किडनी आधीच थकलेली, त्यात ती मंदावली तर मेमँटिन साठणार. म्हणून पोटातून नको. खांद्याला जेल चोळलं तर रक्तात फार थोडं जातं, ते डॉक्टरांनी चालेल म्हटलंय.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते हे. नसांच्या दुखण्याला अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात, ती त्याच अ‍ॅसिटिलकोलिनचा रस्ता बंद करते. पोटाच्या मुरड्यावरची डायसायक्लोमाइन, लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, सर्दीवरची क्लोरफेनिरामाइन, सगळ्या त्याच जातीच्या. सकाळी डोनेपेझिलने जे टिकवायचं ते दुपारी यांनी घालवायचं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या डॉक्टरची. ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या जोरदार गोळीनेही तिला भ्रम होऊ शकतो.

तिच्या सगळ्या गोळ्यांची यादी फाइलमध्ये पहिल्याच पानावर लावली आहे. तिकडे कुठल्याही डॉक्टरकडे नेलंस, तर ती आधी त्यांच्यापुढे ठेव, मग तक्रार सांग. तुमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडेही एक प्रत देऊन ठेव. आणि मेघनाला म्हणावं, पुढून हुक असलेले सैल बाह्यांचे ब्लाउज दोन-तीन शिवून घे. डावा हात आधी घालायचा, उजवा मागून.

तुझे
बाबा