बाबा, घरपट्टीचे 3,800 भरायच्या आधी हे वाचा

नागपूर, 7 डिसेंबर 2025

आई, बाबा,

काल बाबा चिडले आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळे झाले, आईनं तुरीच्या शेंगांचा विषय काढला, आणि माझं सांगायचं राहूनच गेलं, म्हणून लिहून राहिली. बाबा, चष्मा लावून स्वतः वाचा.

घरपट्टी भरू नका असं मी म्हटलंच नाही. 3,800 एकदम देऊ नका एवढंच म्हटलं. त्यात यंदाचे 940 आहेत, बाकी 2,860 मागची थकबाकी. नोव्हेंबरात सरकारनं जीआर काढला, समृद्ध पंचायतराज अभियानातला, की राहत्या घराची यंदाची पूर्ण पट्टी आणि 1 एप्रिल 2025 च्या आधीची अर्धी थकबाकी 31 डिसेंबरच्या आत एकरकमी भरली तर उरलेली अर्धी माफ. म्हणजे 940 आणि 1,430, झाले 2,370. पण ग्रामसभेनं तसा ठराव घेतला असेल तरच, म्हणून आधी ठराव झाला का ते विचारा. दुकान-चक्कीला हे लागू नाही, फक्त राहतं घर.

"आपल्याले कोनाची माफी नाही पाह्यजे" म्हणता ना? मग हे सांगा, सप्टेंबर अखेरपर्यंत भरणाऱ्याला दरवर्षी 5 टक्के सूट असते, ती तुम्हाला एकदा तरी भेटली का? पोळ्याला बैलांचा साज उधारीवर येते आपल्या घरी, कापूस घरात येतो दसरा-दिवाळीनंतर, सप्टेंबरात पैसा कुठून येईल? ती सूट पगारवाल्यांच्या कामाची, आणि थकलं की वरून 5 टक्के दंड मात्र आपल्याला. मग आता अर्धी माफी भेटून राहिली तर लाज काहून?

आता मुख्य गोष्ट. दिवाळीत मी नमुना 8 चा फोटो काढला होता, कर आकारणीची नोंद असते ती. त्यात आपलं घर "आरसीसी", म्हणजे सिमेंट-लोखंडाचं पक्कं, लिहिलं आहे! मातीच्या भिंती, वर कवेलू, पावसाळ्यात गळते म्हणून तीन ठिकाणी गंज-पातेली ठेवावी लागतात, आणि आरसीसी. मला वाटते संडास-बाथरूमवर स्लॅब टाकला तो पाहून कोणीतरी पूर्ण घरच पक्कं करून टाकलं. आणि पडलेला गुरांचा कोठाही त्यात अजून उभाच आहे. 2015 पासून पट्टी भांडवली मूल्यावर बसते, म्हणजे बांधकाम कशाचं, किती जुनं, किती जागेत, यावरून. जुन्या घराला घसारा धरून मूल्य कमी होते. नोंदच चुकली तर दरवर्षी जास्तच भरत राहणार आपण. तेव्हा एक अर्ज द्या, घराचे आणि पडलेल्या कोठ्याचे फोटो जोडा, आणि पोच घ्या, तोंडी सांगून येऊ नका. ग्रामसेवक साहेबांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना) नाहीच ऐकलं तर पंचायत समितीकडे अपील आहे. पण त्याला वेळ लागेल, 31 तारीख त्याच्यासाठी थांबणार नाही, म्हणून 2,370 आधी भरून टाका आणि पावती जपून ठेवा. पैसे मी फोनपेवर टाकते, आई, तू बाबांना सांगू नको.

आणि मोठी आई! मोठेबाबा मिलिटरीतले, मग ती अजून पट्टी काहून भरते? माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना 2020 पासून एका घराची पट्टी माफ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणून ग्रामपंचायतमध्ये द्यायचा. पेन्शनच्या बुकासोबत मोठेबाबांची कागदं तिच्या लोखंडी पेटीत आहेत, मी लहानपणी पाहिली आहेत. आई, तूच जा तिच्याकडे, बाबा गेले तर चहा पिऊन गावगोष्टी करून परत येतील.

शेंगा पाठव, आणि त्याच पिशवीत बिलाची झेरॉक्स टाक, त्यात पाणीपट्टी वेगळी दाखवली का ते मला पाहायचं आहे.

तुमची,
छोटी