मिलिंगचा कंट्रोल आखणाऱ्यांना, मनापासून आभार

सप्रेम नमस्कार,

तुमची नावं मला ठाऊक नाहीत. मशीनवर कंपनीचं नाव ठळक असतं, पण स्क्रीनवर कोणता प्रश्न आधी यावा हे ज्यांनी ठरवलं त्यांचं नाव कुठेच नसतं. हे पत्र त्यांना, म्हणजे ऑपरेटरला प्रश्न विचारून, संवादाने प्रोग्रॅम करून घेणारा कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) आखणाऱ्या तुम्हाला.

हँडलवर हात ठेवून मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणं, शिकलेल्या माणसाला धातू कळतो. आवाज बदलला की फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कुठवर उतरवायचा, पातळ भिंतीचा जॉब (कापायचा तुकडा) व्हाइसमध्ये किती आवळायचा, स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे त्यातली ढिलाई, खाऊन टाकायला कोणत्या बाजूने मापावर यायचं, हे सगळं त्याच्या हातात मुरलेलं असतं. सीएनसीसमोर, म्हणजे संगणकाने आकड्यांवर चालणाऱ्या मशीनसमोर, उभं राहिल्यावर मात्र यातलं काहीच कुणी विचारेना. विचारलं जायचं ते वेगळंच, जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला हुकूम देणाऱ्या अक्षर-आकड्यांच्या भाषेत. कंस घड्याळाच्या दिशेने (जी०२) की उलट (जी०३)? कंसाच्या केंद्राचे आय किती, जे किती? टूलच्या त्रिज्येची भरपाई जी४१ ने कुठे लावली, जी४० ने कुठे काढली? ८० मिमी पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) ६ भोकं मारायची तर पहिलं एक्स ४०, वाय ०, दुसरं एक्स २०, वाय ३४.६४१, असं एकेक कॅल्क्युलेटरवर काढायचं आणि टाइप करायचं. त्यात दशांशाचं टिंब. कित्येक जुन्या कंट्रोलांवर टिंब न देता एक्स५० लिहिलं, तर मशीन ते ५० मायक्रॉन धरतं, म्हणजे ०.०५ मिमी. वीस वर्षं मिलिंग केलेला कारागीर तिथे नवशिका ठरायचा, हे मला फार लागायचं.

त्या पद्धतीला तिची कारणं होती, हेही खरं. जॉन पार्सन्स या अमेरिकन उद्योजकाच्या कल्पनेतून निघालेलं काम पुढे नेत एमआयटीने १९५२ साली आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन चालवून दाखवलं, तेव्हा डोळ्यांसमोर विमानांचे वक्र भाग होते. आकडे ऑफिसात तयार व्हायचे, छिद्रं पाडलेल्या टेपवरून मशीनपर्यंत यायचे. ऑपरेटरने जॉब बांधायचा आणि स्टार्ट दाबायचं. पण टूलरूममध्ये एकच फिक्स्चर प्लेट (जॉब धरून ठेवणारी पाटी) करायची असते, तीही आज संध्याकाळपर्यंत. तिथे ही वाट लांबची पडते.

तुम्ही ड्रॉइंगच्या बाजूने सुरुवात केलीत. पॉकेट (धातूत कोरायचा खोलगट भाग) निवडलं की कंट्रोल विचारतो: कोपरा कुठे, लांबी-रुंदी किती, खोली किती, एका कटला किती उतरायचं, फिनिशला किती ठेवायचं, टूल कोणतं. ड्रॉइंग हातात आल्यावर ऑपरेटरच्या मनात प्रश्न येतात ते जवळपास याच क्रमाने. पीसीडीच्या भोकांना केंद्र, व्यास, संख्या आणि पहिल्या भोकाचा कोन दिला की झालं, साइन-कॉसचं काम तुमचं. १९८१ मध्ये माझाकने लेथसाठी आणलेला माझाट्रोल हा कंट्रोल असो, हायडेनहाइनची साध्या शब्दांतली प्रोग्रॅमिंगची पद्धत असो की हर्कोचे कंट्रोल, प्रत्येकाची धाटणी निराळी, पण मशीनवरच्या माणसाला अक्कल आहे हे या सगळ्यांनी धरून चाललं.

टूल टेबलसाठी वेगळे आभार. १२ मिमीची एंड मिल (कटर) धार लावून ११.८ झाली, तर टेबलात व्यास बदलायचा, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. आणि अलार्मसाठीही. नुसता नंबर फेकण्याऐवजी 'कोपऱ्याच्या त्रिज्येपेक्षा टूल मोठं आहे' असं ओळ दाखवून सांगणारा कंट्रोल माणसाचा अर्धा दिवस वाचवतो.

पण सगळ्यात मोठे आभार ज्या सोयीसाठी मानायचे, ती काही मोजक्याच कंट्रोलांवर असते: प्रोग्रॅम हँडव्हीलवर चालवणं. चाक फिरवलं की टूल आखलेल्या वाटेने सरकतं, हळू फिरवलं की हळू, हात थांबला की थांबतं. क्लॅम्पच्या जवळून टूल सुटतंय की नाही हे स्क्रीनवरच्या चित्रात दिसतंच असं नाही, कारण चित्राला तो क्लॅम्प माहीत असेलच असं नाही. चाकावर हात असला की मात्र ऑपरेटर पहिला नग निर्धास्तपणे काढतो. हाताने मशीन चालवण्याचं त्याचं सगळं शहाणपण तुम्ही त्या एका सोयीत जपलंत. हे ज्या कुणाला सुचलं, त्याने नक्कीच कधीतरी पहिल्या नगासमोर श्वास रोखलेला असणार.

मोल्डच्या वळणदार पृष्ठभागांना किंवा पाच अक्षांच्या कामाला कॅम (कटरची वाट आखणारं सॉफ्टवेअर) लागतं, आणि जी-कोड यायलाच हवा. नव्या मुलांना मीही तो शिकायला लावतो. पण संवादाने प्रोग्रॅम करून झाल्यावर तो त्यांना लवकर कळतो, कारण कोड काय करतोय ते त्यांनी आधी कटरखाली पाहिलेलं असतं.

आता एक विनंती. नव्या पॅनेलांवर टचस्क्रीन वाढते आहे आणि नॉब कमी होताहेत. फीड ओव्हरराइडचा, म्हणजे चालू कटमध्ये फीड कमी-जास्त करायचा, नॉब कृपा करून काचेखाली नेऊ नका. कट चालू असताना नजर कटरवर असते, बोटं तेलकट असतात, आणि आवाज बिघडला की न बघता तो नॉब सापडावा लागतो. हँडव्हीलचंही तेच.

तुमचा,
एक मिलिंग ऑपरेटर