अंदाजपत्रक एक लाख पंचेचाळीस हजारांचे, मागणी सव्वादोन लाखांची

विजापूर रोड, सोलापूर
दिनांक : १९ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : बाथरूम नूतनीकरणाच्या कामात अंदाजपत्रकाबाहेर केलेली आकारणी, सदोष काम व पावत्या न दिल्याबाबत.

महोदय,

आमच्या पहिल्या मजल्यावरील फ्लॅटमधील बाथरूमचे काम आपल्या कंपनीने २ एप्रिल रोजी सुरू केले आणि ७ मे रोजी ‘पूर्ण झाले’ असे सांगून आपली माणसे निघून गेली. त्यानंतर मी आपल्या कार्यालयात दोनदा आले आणि फोन किती केले त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी ‘साहेब साइटवर आहेत, सांगतो’ एवढेच ऐकायला मिळाले. म्हणून आता लेखी कळवीत आहे.

आधी हे काम आम्ही का काढले ते सांगते. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी खाली बसायचे नाही असे बजावले, आणि आमच्याकडे भारतीय बैठकीचे जुने भांडे होते. फरशी गुळगुळीत, त्यात बोअरच्या जड पाण्याने क्षार चढून पायाला बुळबुळीत लागणारी. एकदा त्या नळ धरून कशाबशा सावरल्या, नाहीतर पडल्याच होत्या. त्या दिवशी ठरवले की आता थांबायचे नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेलच्या कारखान्यात अठरा वर्षे हिशेब लिहिते. आकडे पाहणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे या खर्चाची आखणीही मी वहीत मांडून केली होती. भिशीचे एक लाख आणि साठवलेले साठ हजार, असे एक लाख साठ हजार हाताशी होते. आपला प्रतिनिधी मार्चमध्ये घरी आला, टेप लावून मापे घेतली, फोटो काढले आणि १,४५,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. उरलेले १५,००० मी मुद्दाम बाजूला ठेवले. जुने बांधकाम फोडले की भिंतीतून काहीतरी निघतेच, तेव्हा दहा टक्के हातचे असावेत, एवढे मलाही कळते.

त्या अंदाजपत्रकाचा कागद या क्षणी माझ्यासमोर आहे. त्यावर शब्द असे आहेत : ‘बाथरूम नूतनीकरण, संपूर्ण काम, साहित्य व मजुरीसह. एकूण खर्च रु. १,४५,०००.’ खाली ओळी चारच आहेत. टाइल्स २१ बॉक्स, कमोड व वॉश बेसिन, नळ-शॉवर संच, आधाराचे दोन दांडे. खाली आपला शिक्का आणि सही. ‘संपूर्ण’ हा शब्द आपल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. मी त्याला त्याच वेळी विचारले होते, “यात सगळं आलं ना?” त्याने पेनाने त्या शब्दाखाली रेघ ओढून दाखवली. ती रेघ अजून कागदावर आहे.

काम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, जुनी फरशी आणि भांडे फोडून झाल्यावर, सुपरवायझर म्हणाला की राडारोडा उचलायचे ६,५०० वेगळे द्यावे लागतील. जिन्यावर पोती रचून ठेवलेली, शेजारचे कुरकुरत होते, म्हणून दिले. दोन दिवसांनी भिंतीतले जुने लोखंडी पाइप गंजून पापुद्रे सुटलेले निघाले. सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) नवे पाइप टाकायला १४,२०० लागले. याबद्दल माझी तक्रार नाही. भिंतीच्या आतले कोणाला दिसत नाही, आणि त्यासाठीच मी पैसे बाजूला ठेवले होते.

पण त्यानंतर वॉटरप्रूफिंगचे १८,५०० मागितले गेले. मी म्हटले, हे तर कामातच असणार ना? त्यावर उत्तर आले, “मॅडम, हे एक्स्ट्राच असतंय की. सगळ्याच कस्टमरला लागतंय.”

महोदय, माझे म्हणणे याच उत्तरावर आहे. जे सगळ्याच ग्राहकांना लागते, ते अंदाजपत्रकात का नाही? पहिल्या मजल्यावरचे बाथरूम फोडले म्हणजे खालच्या कोब्यापर्यंत, फरशीखालच्या सिमेंटच्या थरापर्यंत, जावे लागणार आणि तो वॉटरप्रूफ करून पुन्हा भरावा लागणार. फोडले म्हणजे राडारोडा निघणार, तो कोणीतरी खाली नेणार. यातली एकही गोष्ट भिंतीत दडलेली नव्हती. मोजमाप घेणाऱ्या माणसाला ती मार्चमध्येच माहीत होती. तेव्हा सांगितली असती तर मी कमी किमतीचे नळ घेतले असते, भिंतीला सात फुटांऐवजी पाच फूटच टाइल लावली असती, किंवा दिवाळीपर्यंत थांबले असते. अंदाजपत्रक मागतात ते हे ठरवता यावे म्हणून. भांडे उखडून झाल्यावर, घरात एकच बाथरूम असताना, ग्राहकाला ठरवण्यासारखे काय उरते? आम्ही पाच आठवडे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होतो. एप्रिलच्या उन्हात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, घरातली माणसे बादली घेऊन जिना उतरत होती. अशा वेळी सुपरवायझर जो आकडा सांगेल तो द्यावाच लागतो, हे आपल्या माणसांना चांगले ठाऊक आहे.

काम बारा दिवसांचे सांगितले होते. १४ एप्रिलपर्यंत बाथरूम मिळणार म्हणून सासूबाईंना पंधरा दिवसांसाठी बार्शीला नणंदेकडे ठेवले. त्या अजून तिथेच आहेत.

राडारोडा, पाइप आणि वॉटरप्रूफिंग असे ३९,२०० रुपये सुपरवायझरने स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतले. पावती एकाचीही नाही. मागितली तेव्हा ‘फायनल बिलात येईल’ म्हणाला. फायनल बिल म्हणून १० मे रोजी मला व्हॉट्सॲपवर एका वहीच्या पानाचा फोटो आला. त्यावर ना बिल नंबर, ना जीएसटी नंबर. त्यात उरलेला हप्ता २१,७५०, जादा टाइल्स ५,७६०, कमोडची जागा बदलण्याचे ७,८०० आणि १,४५,००० वर १८ टक्के जीएसटीचे २६,१०० असे एकूण ६१,४१० रुपये ताबडतोब भरा, असे लिहिले आहे. आधी दोन हप्त्यांत दिलेले १,२३,२५० आणि सुपरवायझरला दिलेले ३९,२०० धरले तर सगळे मिळून २,२३,८६० होतात. एवढी रक्कम पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर हे काम मी आपल्याला दिले नसते.

टाइल्सचे आधी बोलते. बाथरूम सात बाय पाच आहे. भिंतीला सात फूट उंचीपर्यंत टाइल. दार आणि खिडकी वजा करता भिंतीचे साधारण १४८ चौरस फूट होतात. तुटफूट म्हणून दहा टक्के वाढवले तरी १६३ च्या आत. दोन बाय एकच्या टाइलचे १७ बॉक्स आणि जमिनीचे ४ बॉक्स, असे २१ बॉक्स आपल्याच माणसाने काढले होते आणि ते बरोबर होते. आता म्हणता भिंतीला आणखी ८ बॉक्स लागले. मी आणि माझ्या मुलाने एका रविवारी खडू घेऊन भिंतीवरच्या टाइल्स एकेक करून मोजल्या. अर्धी टाइल असो की चार बोटांचा तुकडा, प्रत्येकाला पूर्ण टाइल धरली. ८२ झाल्या. १७ बॉक्समध्ये ८५ असतात. मग वरच्या ४० टाइल्स गेल्या कुठे? घरात एकही शिल्लक नाही. पुढे एखादी फुटली तर त्याच बॅचची, त्याच रंगछटेची टाइल मिळत नाही, म्हणून एक बॉक्स ठेवा असे मी आधीच सांगितले होते. तोही ठेवला नाही.

कमोडचे ७,८०० तर मी देणारच नाही. आपण दिलेल्या कमोडला मागच्या तयार भिंतीपासून नऊ इंचांवर आउटलेट (मैला वाहून नेणाऱ्या पाइपचे तोंड) लागते. आपल्या मिस्त्रीने नऊ इंच मोजले ते उघड्या विटेपासून. नंतर प्लास्टर आणि टाइल चढल्यावर अंतर साडेसात इंच उरले आणि कमोडची टाकी भिंतीला टेकली. मग नवी फरशी फोडून पाइप पुढे घेतला. चूक आपल्या मिस्त्रीची, फोडणारा तोच, पुन्हा जोडणारा तोच, आणि त्याचे पैसे मी भरायचे?

आता कामाच्या दर्जाबद्दल. पहिल्याच दिवशी अंघोळ झाल्यावर पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीकडे, न जाता उंबऱ्याकडे आले. ट्रॅप दाराच्या समोरच्या टोकाला, कोपऱ्यात आहे. सात फुटांत तिकडे किमान पाऊण-एक इंच उतार हवा. मी मुलाची काचेची गोटी मध्यावर ठेवली. ती क्षणभर थांबली आणि हळूहळू दाराकडे निघाली, उंबऱ्याला टेकून उभी राहिली. तीन वेळा ठेवली, तिन्ही वेळा दाराकडेच. याचा व्हिडिओ मी आपल्या कार्यालयाला पाठवला आहे. म्हणजे ज्या बाईसाठी हे बाथरूम केले, तिच्या बाहेर पडायच्या वाटेवर रोज पाणी साचणार आहे.

१४ मे रोजी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ताटाएवढा ओलावा आला आहे आणि रंगाला फुगे धरले आहेत. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायला मी सांगितले होते. सुपरवायझर म्हणाला, “सोलापुरात पाणी कुठं आहे ताई, कशाला वाया घालवायचं?” आमच्याकडे महापालिकेचे पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येते हे खरे, आणि पाण्याचे मोल आम्हालाही आहे. पण तपासणीला बोअरचे पाणी चालले असते, आणि ते मी टँकमधून द्यायला तयार होते. तपासणी झाली नाही, १८,५०० मात्र घेतले. उद्या काकूंचे छत दुरुस्त करायची वेळ आली तर त्यांना मी काय तोंड दाखवू? पंचवीस वर्षांचा शेजार आहे.

आधाराचे दांडे दोन लिहिले होते, बसवला एकच. कमोडच्या बाजूचा तो दांडा हाताने हलतो. विटेत पक्के स्क्रू न घेता छोट्या प्लगवर अडकवला आहे. त्यावर भार टाकून म्हातारे माणूस उठणार आहे. या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे, पैशांपेक्षाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. उतार आणि वॉटरप्रूफिंग आपण स्वतःच्या खर्चाने पुन्हा करून द्यावे आणि माझ्यासमोर व काकूंसमोर ४८ तास पाणी भरून दाखवावे. त्यांच्या छताची दुरुस्तीही आपणच करावी. दोन्ही दांडे विटेत पक्के बसवावेत. राडारोड्याचे ६,५०० परत करावेत. टाइल्सचे ५,७६० आणि कमोडचे ७,८०० मागणीतून काढावेत. पाइपचे १४,२०० मी मान्य केलेच आहेत. वॉटरप्रूफिंगचे १८,५०० ‘संपूर्ण’ कामातलेच असल्याने तेही परत मिळावेत, असे माझे म्हणणे आहे. जीएसटीबाबत म्हणाल तर कर बुडवायचा माझा विचार नाही. परंतु अंदाजपत्रकावर ‘एकूण खर्च’ लिहिले आहे, कर वेगळा असे कुठेही नाही. तेव्हा तो त्या रकमेत धरलेला आहे असेच मी समजते. आतापर्यंत घेतलेल्या प्रत्येक रुपयाचे, सुपरवायझरच्या नंबरवर गेलेल्या रकमेसह, जीएसटी क्रमांक असलेले रीतसर बिल आणि नळ-कमोडची वॉरंटी कार्डे मला मिळावीत. एवढे झाले की शेवटचा हप्ता २१,७५० मी त्याच दिवशी भरीन. ते पैसे बँकेत वेगळे ठेवले आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सेवेतील त्रुटी त्या कायद्यात येतेच, आणि बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करणार आहे. अंदाजपत्रक, हप्त्यांच्या पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, टाइल्सचे, गोटीचे व छताचे फोटो-व्हिडिओ या पत्रासोबत जोडले आहेत. मूळ कागद माझ्याजवळ आहेत.

दांड्याचे काम उताराची वाट न पाहता आधी करून द्यावे. सासूबाई बार्शीहून रोज फोन करतात, ‘झालं का गं?’ म्हणून विचारतात. दांडा पक्का होऊन उतार नीट झाल्याशिवाय मी त्यांना आणणार नाही. कारागीर पाठवण्याआधी दोन दिवस कळवावे, म्हणजे तपासणीसाठी टाकी भरून ठेवता येईल.

आपली,
एक ग्राहक
(सही)

प्रत : गृहनिर्माण सोसायटीचे सचिव, माहितीसाठी.