ताई, ओव्या वाचल्या

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आईच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उघडेनासं झालं, तेव्हा तुम्ही फोनवरून माझी अडचण सोडवलीत. त्याच्या पैशांचा विषय काढला तेव्हा तुम्ही फोनच ठेवायला निघाला होतात. "दुसऱ्या कुणाचं असंच अडलं तर त्याला सांग, झालं," एवढंच म्हणालात. एकेकाला कुठं गाठणार, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव घालू नको म्हणालात, तेही पाळलंय. पण आभार मानायचे नाहीत, असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. आई आता अठ्ठ्याहत्तरची. तिला नुसतं "ओवी म्हण" म्हटलं तर दोन ओळींच्या पुढं आठवत नाही. हात खुंट्यावर पडला आणि जातं फिरायला लागलं की मात्र एकामागून एक येत राहतात. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ते काम पाहिल्यापासून आमच्या घरच्या ओव्या कुणी टिपल्या नाहीत ही रुखरुख मला लागून होती. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दोन माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप घेऊन गावी गेले. एक माइक आईच्या तोंडाजवळ लावला, एक जात्याजवळ. मावशीही आली. नाचणी दळत दोघींनी तीन दिवसांत मिळून तीन तास म्हटलं.

कराडला परत आल्यावर रोज रात्री जेवणं उरकली की रीपर, म्हणजे आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर, उघडून बसायचे. आवाज साफ करायचा, दोन ओव्यांमधला खोकला काढायचा, असं चाललं होतं. आणि एका सकाळी त्या कामाची फाईल, म्हणजे प्रोजेक्ट, उघडेना. लोड होतोय असं दिसायचं, पट्टी अर्ध्याच्या पुढं जायची आणि खिडकी गायब. चूक झाली, अमुक सापडलं नाही, असा एकही शब्द नाही. मी सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. दोनदा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा केला, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. चौथ्या दिवशी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडं नेला, तर तो म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. मी हो म्हणून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप द्यायचा ठरला होता.

त्या संध्याकाळी मामेबहिणीच्या जावेनं तुमचा नंबर दिला. "मुंबईला डबिंग स्टुडिओत असतात, रात्री उशिरा कर." साडेदहाला फोन केला. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "आवाजाच्या फायली कुठं आहेत? आधी त्या बघू."

मला तर वाटत होतं की प्रोजेक्ट गेला म्हणजे आवाजही गेला. तुम्ही मला प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नेलंत, तिथली एक वेव्ह फाईल साध्या प्लेअरमध्ये लावायला सांगितलीत. आईचा आवाज आला. मी काही बोलू शकले नाही, आणि तुम्हीही फोनवर गप्प राहिलात. ती शांतता माझ्या लक्षात आहे. मग तुम्ही समजावलंत: रेकॉर्ड झालेला आवाज या फायलींत असतो. प्रोजेक्टच्या फाईलीत फक्त कुठला तुकडा कुठं ठेवायचा, कुठलं प्लगिन, म्हणजे आवाजावर काम करणारं छोटं जोड-सॉफ्टवेअर, कुठं लावायचं आणि त्याची बटणं कुठवर फिरवायची, एवढंच लिहिलेलं असतं. रीपरची ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून दाखवलीत, तर खरंच नुसता मजकूर! सगळं फोल्डर, साधारण तीन जीबी, पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय तुम्ही मला एकाही गोष्टीला हात लावू दिला नाहीत. रात्रीचे बारा वाजले होते. दुरुस्तीवाल्याला "येत नाही" असा मेसेज टाकला आणि चार दिवसांनी पहिल्यांदा झोपले.

कुणी हे पत्र आपल्या अडचणीपायी वाचत असेल, तर त्यानं इथंच थांबून आधी प्रत काढावी. पुढचं नंतर वाचावं.

दुसऱ्या रात्री तुम्ही विचारलंत, "बंद पडायच्या आदल्या दिवशी काय बदललंस?" मी म्हणाले, काहीच नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. एक वही घ्यायला लावलीत आणि आता जे जे करू ते वेळेसकट लिहायला सांगितलंत. एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहायचा, मगच पुढचा. मी चार दिवसांत सतरा गोष्टी केल्या होत्या. त्यातल्या कशानं काय झालं, हे मला सांगता येत नव्हतं.

सॉफ्टवेअर परत टाकून का उपयोग झाला नाही, हेही तेव्हाच कळलं. रीपर काढलं तरी बाहेरून आणलेली प्लगिनं आपापल्या फोल्डरमध्ये जिथल्या तिथं असतात आणि प्रोजेक्ट त्यांना हाक मारतच राहतो. प्लगिन मुख्य सॉफ्टवेअरच्याच पोटात, त्याच्याच मेमरीत चालतं. श्टाइनबर्ग कंपनीनं १९९६ मध्ये व्हीएसटी, म्हणजे अशा प्लगिनांचा ठरावीक साचा, आणला तेव्हापासूनची ही रीत, कारण आवाजाची देवघेव अशी झटपट होते. पण एखाद्या प्लगिननं आपली नसलेली मेमरी चाचपली, की विंडोज अख्खं सॉफ्टवेअर बंद करतं. तुम्ही म्हणालात, "एकाच चुलीवर सगळ्यांची भांडी आहेत. एक उतू गेलं की चूलच विझते." आमच्या घरात कळायला याहून सोपं काय असणार!

मग रीपरच्या ‘ओपन प्रोजेक्ट’च्या खिडकीतली एक बारीक चौकट तुम्ही दाखवलीत: सगळी प्लगिनं ऑफलाइन ठेवून, म्हणजे सुरूच न करता, उघडा, रिकव्हरी मोड. तिच्यावर टिक केली आणि प्रोजेक्ट उघडला. कितीतरी वेळा त्या खिडकीवरून गेले असेन, पण ती चौकट कधी वाचली नव्हती. ओव्या जिथल्या तिथं होत्या. दोष प्लगिनांतच आहे, हेही पक्कं झालं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘ॲप्लिकेशन’च्या नोंदींत, दर वेळच्या बंद पडण्याची नोंद सापडली. क्रमांक १०००, आणि खाली ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, म्हणजे बिघाड जिथं झाला तो भाग, म्हणून एका फाईलीचं नाव. मला वाटलं, सापडला चोर! ती फाईल विंडोजचीच निघाली, सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी. तुम्ही म्हणालात, "बेशुद्ध माणूस ज्याच्या दारात पडला, त्यानंच मारलं असं नसतं." नाव नोंदवून ठेव म्हणालात, पण त्यावर विसंबू नको.

आता त्या शोधाची रात्र. ती मला सविस्तर लिहायची आहे.

माझ्या प्रोजेक्टमध्ये एकूण चौदा प्लगिनं होती. एकेक तपासण्याऐवजी तुम्ही निम्मीनिम्मी करायला लावलीत. पहिली सात चालू केली, प्रोजेक्ट व्यवस्थित वाजला. ती बंद करून दुसरी सात चालू केली, तरीही वाजला. चौदाच्या चौदा चालू केली, खिडकी गायब. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. मी रडकुंडीला आले. दोन्ही निम्मी निर्दोष, मग बिघाड राहतो कुठं? तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मागं तुमच्या स्टुडिओतला पंखा ऐकू येत होता. मग विचारलंत, "दोन्ही याद्यांत एकच नाव आहे का बघ."

होतं. नॉइज कमी करणारं, फुकट मिळालेलं एक प्लगिन. एकदा आईच्या ट्रॅकवर, एकदा जात्याच्या. तेव्हा मला आठवलं: बंद पडायच्या आदल्या रात्री झोपण्यापूर्वी ते जात्याच्या ट्रॅकवरही टाकलं होतं, सेव्ह केलं होतं आणि लॅपटॉप मिटला होता. "काहीच बदललं नाही" म्हणाले होते, ते हे. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. ताई, त्याचेही आभार.

तुमचा तर्क असा होता की त्या प्लगिनच्या दोन प्रती एकाच मेमरीत शेजारी आल्या की दोघी एकाच कप्प्याला आपला समजतात. एकटीला कसलाच त्रास नाही. तर्क खरा की खोटा, तेही तुम्ही तपासून घेतलंत. रीपरमध्ये प्लगिनच्या नावावर उजवी क्लिक केली की ‘रन ॲज’ म्हणून पर्याय येतो. आधी ‘सेपरेट प्रोसेस’ निवडायला लावलंत. यात अशी सगळी प्लगिनं रीपरच्या बाहेर, पण एकाच खोलीत राहतात. या वेळी प्लगिन कोसळलं, रीपर मात्र उभं राहिलं! मग ‘डेडिकेटेड प्रोसेस’, म्हणजे प्रत्येक प्रतीला आपापली खोली. चौदाच्या चौदा चालली. प्रोजेक्ट बंद केला, परत उघडला, लॅपटॉप बंद करून परत सुरू केला, पुन्हा उघडला. चाललं. वहीत वेळ आहे: १ वाजून ५० मिनिटं. त्याच क्षणी तुम्ही मला पहिल्यांदा "अगं" म्हणालात.

बाहेर चालवलेलं प्लगिन लॅपटॉपवर जास्त भार टाकतं. माझ्या आठ जीबीच्या मशीनवर तो जाणवला, पण मिक्स करताना निभावलं.

काम इथं संपलं होतं. तुम्ही फोन ठेवून झोपू शकत होतात. पण म्हणालात, "आता मला ऐकव." मी दोन ओव्या पाठवल्या. तुमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. तुम्ही लिहिलं होतं, "जातं इतकं पुसू नकोस. आई त्याच्यावर म्हणतेय. ताल तोच आहे."

मी परत ऐकलं. खरंच, नॉइज म्हणून मी जे काढत होते, ती दळणाची घरघर होती. खुंटा पुढं जातो तिथं ओळ उचलली जाते, मागं येतो तिथं सोडली जाते. ते पुसलं की आईचे थांबे उगाचच अडखळल्यासारखे वाटत होते. जात्याच्या ट्रॅकवरून मी ते प्लगिन काढून टाकलं. आईच्या ट्रॅकवर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण होती, तेवढी तुम्ही सांगितल्याप्रमाणे इक्वलायझरनं, म्हणजे ठरावीक पट्टीचा आवाज कमीजास्त करायच्या साधनानं, कापली. शेवटी नॉइजवालं प्लगिन एकाच ट्रॅकवर, तेही अगदी हलकं राहिलं. ज्या दुसऱ्या प्रतीनं एवढा घोळ घातला, तिची गरजच नव्हती.

तरीही त्या प्लगिनच्या कर्त्याला तुम्ही माझ्याकडून पत्र लिहून घेतलंत: विंडोजची आवृत्ती, रीपरची आवृत्ती, प्लगिनची आवृत्ती, आणि बिघाड हटकून घडवायच्या चार पायऱ्या. तक्रारीचा सूर नको, नुसत्या पायऱ्या दे, म्हणालात. नवी आवृत्ती आली तरी काम पूर्ण होईपर्यंत टाकायची नाही, हेही वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आणि प्रत्येक ओवी झाली की तो ट्रॅक प्लगिनसकट वेव्ह फाईल करून ठेवते. उद्या ते प्लगिन कुठं मिळेनासं झालं, तरी आईचं अडणार नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. परवा गावी गेले होते. आईला पहिल्या बारा ओव्या हेडफोनवर ऐकवल्या. ती आपला आवाज ऐकून हसेल, लाजेल असं वाटलं होतं. ती ऐकत राहिली आणि सातव्या ओवीत हात वर करून म्हणाली, "हितं घास सरलाय बघ. जातं मोकळं फिरतंय." मी परत लावून ऐकलं. दोन-तीन फेऱ्या आवाज पातळ होतो, मग मावशी दाणे घालते आणि तो पुन्हा भरतो. मला आजवर ते ऐकू आलं नव्हतं.

मावसभाऊ येत्या रविवारी दादरला येतोय. त्याच्याजवळ नाचणीचं पीठ देतेय, दोन किलो, आईनं त्याच जात्यावर दळलेलं. याला नाही म्हणू नका. भाकरी करताना उकळतं पाणी घाला, नाहीतर ती चिरते. डबा परत पाठवायची घाई नाही.

तुमची,
कराडची ओव्यावाली