कार्व्हरच्या कथेवर कात्री कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकारावरचा लेख वाचला. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावणारे वडील, एकोणिसाव्या वर्षी लग्न, पाठोपाठ दोन मुलं, हॉस्पिटलात रात्रपाळीची झाडलोट, दोनदा निघालेलं दिवाळं, २ जून १९७७ ला कायमची सुटलेली दारू आणि १९८८ मध्ये पन्नासाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने आलेला मृत्यू, हे सगळं त्यात नेटकं आलं आहे. हरकत आहे ती शेवटच्या परिच्छेदाला. नव्या कथाकारांनी कार्व्हरसारखी अर्धी कथा कापून टाकावी, शेवट अधांतरी सोडावा, असा सल्ला तिथे आहे आणि नमुना म्हणून 'द बाथ' ही कथा पुढे केली आहे. नेमकी हीच कथा निवडल्यामुळे हा पत्रप्रपंच.

'द बाथ' ज्या संग्रहात आहे तो 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह' १९८१ मध्ये नॉफ या प्रकाशनसंस्थेने काढला. त्यातली कापाकापी मुख्यतः कार्व्हरची नव्हेच. ती त्याचा संपादक गॉर्डन लिश याची. १९८० मध्ये हातात आलेल्या हस्तलिखितावर लिशने दोनदा हात फिरवला. निम्म्याहून जास्त मजकूर गेला, कथांची नावं बदलली, पात्रांची बदलली (शीर्षककथेतला हर्ब हा डॉक्टर छापताना मेल झाला), शेवट नव्याने लिहिले गेले. ८ जुलै १९८० ला कार्व्हरने लिशला लांबलचक पत्र लिहून पुस्तक थांबवायची विनवणी केली. दारू सोडून जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुस्तक या रूपात आलं तर पुन्हा लिहिता येणार नाही, अशी धास्ती त्याला वाटत होती. शिवाय मूळ कथा मित्रांनी आधीच वाचलेल्या, त्यांना तोंड कसं दाखवायचं? पण आठवडाभरात त्याने माघार घेतली. पुस्तक लिशच्या मनासारखं निघालं आणि त्याच पुस्तकाने कार्व्हरचं नाव झालं.

आता 'द बाथ'च घ्या. मूळ कथेतला जवळपास ७८ टक्के मजकूर तिच्यात नाही. मुलाच्या वाढदिवसासाठी आई बेकरीत चॉकलेट केक सांगते. कार्व्हरच्या केकवर एका टोकाला अंतराळयान आणि पांढऱ्या चांदण्या, दुसऱ्या टोकाला लाल ग्रह आणि ग्रहाखाली हिरव्या अक्षरांत 'स्कॉटी'. लिशच्या केकवर ग्रह नाही. नाव जणू त्या यानाचंच असावं असं लिहिलेलं. वाढदिवसाच्या सकाळी शाळेत जाताना मुलाला गाडी उडवते. तो हॉस्पिटलात बेशुद्ध पडलेला असताना घरी फोन येत राहतात. केक कुणी नेला नाही, सोळा डॉलर बाकी आहेत. 'द बाथ' अशाच एका फोनवर संपते. पलीकडून फक्त 'स्कॉटीबद्दल आहे' एवढं ऐकू येतं; बेकरीवाला बोलतोय की हॉस्पिटल, ते कळत नाही. मूळ कथा मात्र पुढे जाते. मुलगा दगावतो. फोन कुणाचे ते आईबापांच्या ध्यानात येतं आणि संतापाने ते मध्यरात्री बेकरीत जाऊन धडकतात. बेकरीवाला त्यांना बसवतो, माफी मागतो, कॉफी आणि ताजे दालचिनीचे रोल पुढे ठेवतो, मग पाव मोडून देतो. तिघं उजाडेपर्यंत बोलत राहतात. ही कथा कार्व्हरने 'अ स्मॉल, गुड थिंग' या नावाने परत आणली. १९८३ चं ओ. हेन्री पहिलं पारितोषिक तिला मिळालं आणि त्याच वर्षीच्या 'कथीड्रल' संग्रहात ती आली. त्या संग्रहाच्या वेळी मोठी शस्त्रक्रिया चालणार नाही, हे त्याने लिशला आधीच बजावलं होतं.

तुटक, थंड, माणसांना वाऱ्यावर सोडणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो कार्व्हर बराचसा या एका पुस्तकातला आहे. 'सो मच वॉटर सो क्लोज टू होम'मध्ये तर कापण्याने अर्थच उलटा होतो. नदीत मुलीचं प्रेत सापडल्यावरही नवरा मित्रांबरोबर मासेमारी चालूच ठेवतो, हे कळल्यावर बायको हादरते. कार्व्हरच्या लांब पाठात ती शेवटपर्यंत त्याला दूर ठेवते. लिशने कापलेल्या आखूड पाठात शेवटी तीच ब्लाऊजची बटणं सोडायला लागते.

लिशला खलनायक ठरवायचं मात्र कारण नाही. १९७१ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात 'नेबर्स' ही कथा छापून कार्व्हरला मोठ्या वाचकवर्गापुढे आणणारा तोच. मरणाच्या वर्षी 'व्हेअर आय'म कॉलिंग फ्रॉम' हा निवडक संग्रह करताना कार्व्हरने काही कथा लांब पाठात घेतल्या, पण १९८१ च्या संग्रहाच्या शीर्षककथेसह काही लिशच्याच पाठात ठेवल्या. कुठे कात्री बरोबर चालली याचा तो त्याने स्वतः केलेला निवाडा समजायला हरकत नाही.

कथालेखनाच्या कार्यशाळांमध्ये हेच निसटतं. पंचवीस शब्दांचं काम पंधरात करा, ही शिकवण कार्व्हरला कॉलेजात जॉन गार्डनरने दिली. पंधराचं पाचात करा, ही लिशची. कार्व्हरची स्वतःची पद्धत अशी: पहिला खर्डा झपाट्याने आणि ऐसपैस, मग दहा-बारा खर्डे तरी, कधी वीस-तीस. चाळीस पानांची कथा शेवटी निम्म्यावर यायची, पण दरम्यान तो काढायचा तसं घालायचाही, पुन्हा काढायचा. नवखा लेखक पहिल्या खर्ड्यातच पाच शब्दांवर थांबतो. केक कसा होता, बेकरीवाला कोण, मुलाचं काय झालं, हे त्याने स्वतःशीच ठरवलेलं नसतं. मग अधांतरी शेवट म्हणजे नुसतं न लिहिलेलं पान. 'द बाथ'मधला फोन अंगावर येतो, कारण पुढची रात्र आधी कुणीतरी पूर्ण लिहून ठेवली होती.

ज्यांना पडताळून पाहायचं आहे त्यांनी 'अ स्मॉल, गुड थिंग' आधी वाचावी, मग पेन्सिल घेऊन 'द बाथ'. 'द बाथ'मध्ये उरलेल्या वाक्यांखाली पहिलीत रेघा माराव्यात. रेघा सुरुवातीला दाट, पुढे विरळ आणि शेवटच्या भागात एकही नाही, असं दिसेल. बारकाईने पाहिलं तर आणखी एक दिसतं: लिशने नावं बहुतेक ठिकाणी खोडून नुसतं 'आई', 'नवरा' केलं आहे. कापण्याआधीचं अख्खं हस्तलिखित २००९ मध्ये 'बिगिनर्स' नावाने आलं. लायब्ररी ऑफ अमेरिका या प्रकाशनाने त्याच वर्षी काढलेल्या त्याच्या कथांच्या खंडात १९८१ चा संग्रह आणि हे हस्तलिखित दोन्ही आहेत. एकच पुस्तक घ्यायचं तर ते घ्यावं.

पुरवणीला एक विनंती. यापुढे कार्व्हरच्या कथेचा दाखला देताना संग्रहाचं नाव आणि वर्षही छापावं. एकच कथा १९७७ मध्ये 'माइन', १९८१ मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स' आणि १९८८ मध्ये 'लिटल थिंग्ज' म्हणून भेटते. नुसत्या नावावरून शोधणारा वाचक त्या तीन वेगळ्या कथा समजून बसतो.

आपला,
एक वाचक, सातारा