चुली वाटल्या, इंधनाचे काय?

मा. संपादक,
स.न.

निर्धूर चुलीचा विषय निघाला की चर्चा अनुदानावर येऊन थांबते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एच. एस. मुकुंदा यांनी आयुष्यभर केलेले ज्वलनाचे संशोधन त्या चर्चेत यायलाच हवे. घन इंधन वापरणाऱ्या हायब्रिड रॉकेटमधले ज्वलन अभ्यासून मुकुंदा लाकडाच्या गॅसिफायरकडे (लाकडाचा जळाऊ वायू करणाऱ्या यंत्राकडे) आणि पुढे घरगुती चुलीकडे वळले. प्रश्न मात्र तोच राहिला: घन इंधनातून वायू किती वेगाने सुटतो आणि त्याला हवा कुठे, किती मिळते?

त्यांच्या गटाच्या तंत्रावर उभी राहिलेली ‘ऊर्जा’ चूल बीपी कंपनीने बाजारात आणली, पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने चालवली. सुमारे ४ लाख चुली विकल्या गेल्या. ज्वलनकक्ष जेमतेम १० सेंमी व्यासाचा आणि १३ सेंमी खोल. त्यात साधारण ६०० ग्रॅम पेलेट, म्हणजे शेतकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, मावतात. आग वरून लावायची. छोटा पंखा जाळीखालून थोडीच हवा देतो, त्यामुळे आग हळूहळू खाली उतरते. सुटलेला वायू वर येऊन काठाच्या भोकांतल्या दुसऱ्या हवेत जळतो. एक किलो सुके लाकूड पुरते जाळायला सुमारे ६ किलो हवा लागते, पण त्याचा वायू करायला त्यातला चौथा हिस्सा पुरतो. सारी करामत या वाटणीत आहे. मिनिटाला साधारण १२ ग्रॅम इंधन जळते आणि ३ किलोवॉटच्या आसपास आच मिळते.

ही वाटणी बिघडते ती इंधनामुळे. पावसाळ्यात पेलेट ओल धरतात, फुगतात आणि त्यांचा भुगा जाळीत बसून हवा अडते. ओलाव्यामुळे वायू थंड राहतो, पेट घेत नाही आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतो. मध्येच वरून मूठभर पेलेट टाकले तरी तेच. काही शेतकचऱ्यात पोटॅश आणि सिलिका जास्त असते. त्याची राख वितळून जाळीवर खंगर (कडक खडा) धरते. शेवटी उरलेल्या कोळशाची आच मंद असते, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून खिडकी उघडी हवीच.

या चुलीमागचे शास्त्र भक्कम होते. पेलेट महागले तेव्हा अनेकांनी ती बाजूला ठेवली, याचे फार वाईट वाटते. ज्यांचे पेलेट करता येतील अशा पऱ्हाट्या आणि तुराट्या आपल्याकडे बांधावर जाळल्या जातात. चुलींच्या निविदेत पेलेटचा ओलावा १० टक्क्यांच्या आत, राखेची कमाल मर्यादा आणि तालुक्यातच वर्षभराचा पुरवठा या तीन अटी शासनाने घालाव्यात. गोदामात पेलेट फरशीवर न ठेवता फळ्यांवर, बंद पिशवीत ठेवावेत. गावात पोत्याची तपासणी करायला प्रयोगशाळा लागत नाही: पेलेट चिमटीत दाबला आणि चुरा झाला, तर ते पोते परत पाठवावे.

– एक यंत्र अभियंता, पुणे