एकट्या ज्येष्ठांसाठी अभ्याससहली हव्यात

महोदय,
पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाल्याने मराठवाड्यातील अनेक ज्येष्ठ एकटेच वेरूळ, पैठण, धाराशिव जिल्ह्यातील तेर गाठतात. परंतु वेरूळचे कैलास लेणे एकाच अखंड खडकातून कळसापासून पायापर्यंत कसे कोरत आणले, हे तिथे उभे राहून समजावणारे कोणी सोबत नसल्याने ते नुसते पाहून परततात. खासगी सहलींत एकट्या प्रवाशाला स्वतंत्र खोलीचे जादा पैसे बहुधा मोजावे लागतात आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना, विशेषतः विधवा भगिनींना, ते झेपत नाहीत. विद्यापीठाच्या इतिहास विभागाने ज्येष्ठ नागरिक संघांना हाताशी धरून जाणकार मार्गदर्शकासह छोट्या गटांच्या अभ्याससहली काढाव्यात. तेरच्या संग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती (भाजलेल्या मातीच्या मूर्ती) निवांत पाहायच्या असतात. त्यासाठी वेळ राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, लातूर